मुंबई सोडून लहान गावात मुलं वाढवलीत? अनुभव सांगा

आम्ही दोघंही नोकरी करणारे, राहायला कांदिवलीला. मुलगी साडेचार वर्षांची आहे, म्हणजे पहिलीचा प्रवेश जवळ आला. एकदा शाळा लागली की हलवणं जड जाईल, म्हणून आत्ताच ठरवायचंय. नवऱ्याला घरून काम करता येतं, मला तिकडे नोकरी शोधावी लागेल. चिपळूण, वाई, सावंतवाडी ही नावं डोक्यात आहेत. गावाकडची हवा चांगली, हे सगळेच सांगतात. मला ऐकायचंय ते वेगळं: गाव ठरवताना काय बघितलंत, रात्री ताप चढला तेव्हा कुठे धावलात, आणि एक-दोन पावसाळे काढल्यावर मत तेच राहिलं का? परत आलेल्यांनी तर जरूर लिहा.

*परळहून चिपळूणला*

बायकोचं माहेर खेडचं, त्यामुळे भाग ओळखीचा होता. एजंट बाजारपेठेजवळचे फ्लॅट दाखवत होता. शाळा, भाजी, एसटी स्टँड सगळं हाताशी. सासऱ्यांनी बजावलं, घर आवडलं तरी शेजारच्या दुकानदाराला एक प्रश्न विचारल्याशिवाय परत यायचं नाही: एकवीस साली पाणी कुठवर आलं होतं? दुकानदाराने काही न बोलता स्टुलावर चढून भिंतीला हात लावून दाखवला. पंख्याच्या जरा खाली.

22 जुलै 2021 चा पूर सगळ्यांना आठवतो, पण त्यामागचं गणित नव्याने येणाऱ्याला ठाऊक नसतं. वाशिष्ठीत डोंगरातलं पाणी येतंच, कोयनेच्या वीजगृहांचं अवजल, म्हणजे वीज तयार करून सोडलेलं पाणी, तेही येतं. त्याच वेळी खाडीला भरती असली की पाण्याला उतरायला वाव राहत नाही. नगरपरिषदेत जाऊन पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. आम्ही चढावर घर घेतलं. मुलाला शाळेत सोडायला रोज घाटी उतरावी लागते आणि रिक्षावाले वर यायला कुरकुरतात. पण जुलैत रात्रभर कोसळत असताना आम्ही शांत झोपतो. मला विचाराल तर शाळेच्या आधी हे बघा.

*विक्रोळीहून सावंतवाडीला*

मी दोन मुलांची आई. गाव गोड आहे. संध्याकाळी मोती तलावाभोवती मुलांना सोडून द्यावं आणि आपण कठड्यावर बसावं, हे सुख मला विक्रोळीत कधी मिळालं नाही. पण तुम्ही तापाचं विचारलंत म्हणून सांगते.

धाकटा सातव्या महिन्यातच आला. इथल्या डॉक्टरांनी वेळ न दवडता सांगितलं, 'बाळाक गोव्याक न्या.' 108 ची गाडी आली. बांदा ओलांडून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला पोचेपर्यंत सासूबाई माझा हात धरून बसल्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. बाळ वाचलं, आज ते दंगा घालतंय. सिंधुदुर्गातल्या पुष्कळ लोकांची मोठ्या दुखण्याला धाव बांबोळीलाच असते.

म्हणून गावात दवाखाने किती, एवढ्यावर थांबू नका. बालरोगतज्ज्ञ रात्री गावातच मुक्कामाला असतात का? भूलतज्ज्ञ इथले की बाहेरून बोलवावे लागतात? काचेच्या पेटीची सोय असलेलं जवळचं हॉस्पिटल किती तासांवर? ग्रामीण रुग्णालय म्हणजे तीस खाटा, त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची तेही समजून घ्या. मात्र लसीकरणाला सरकारी दवाखान्यातच जा. आमच्या आशाताई तारीख चुकू देत नाहीत, घरी येऊन आठवण करतात.

*महाड तालुक्यात वाढलेला, आता मुलुंडला*

वरच्या ताईंना जोडून. मुंबईची माणसं साप-विंचवाला फार घाबरतात. आमच्या लहानपणी ती भीती खरीच होती, लाल विंचू चावला की पोरं दगावायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि चित्र पालटलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या गावात पेढे वाटले. तेव्हा भिऊन बेत रद्द करू नका. चप्पल-बूट झटकून घालायची सवय लावा आणि काही चावलं तर मांत्रिकाकडे न जाता थेट सरकारी दवाखाना गाठा.

*दादरहून वाईला*

तुम्हाला नोकरी शोधावी लागेल, असं ओघात लिहिलंत. मी तिथेच थांबले.

आमच्याकडेही नवऱ्याचं काम लॅपटॉपवर. तो मुंबईतून वाईत आला म्हणजे त्याची खुर्ची हलली, बाकी सगळं तसंच. मी दादरला एका सीएंच्या ऑफिसात होते. इथे हिशेबाचं काम मिळालं, पण पगार निम्म्याहून कमी. सकाळची लोकल गेली, तशी तिच्यातल्या मैत्रिणीही गेल्या. पहिलं वर्षभर मी चिडचिडी झाले होते आणि घरात कुणाला कारण कळत नव्हतं. मग आम्ही बसून घरातल्या कामांची वाटणी नव्याने केली, आणि मी दुपारी दोन दुकानांचं जीएसटीचं काम घेतलं. हे बोलणं निघण्याआधीच करा. गाव कितीही चांगलं असलं तरी आई कोमेजली तर मुलांना ते जाणवतं.

मुलीचं म्हणाल तर ती गावाची झाली. कृष्णाबाईच्या उत्सवात घाटावर प्रसादाच्या पंगतीत वाढायला जाते. 'कुणाची गं तू?' असं विचारणारी माणसं पावलोपावली भेटतात. विश्वकोशाचं कार्यालय आमच्या गावात आहे हे तिला शाळेत कळलं, तेव्हापासून घरात खंडांची मागणी सुरू झाली. शाळा सेमी इंग्रजीची निवडली. शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी सर शाळा सुटल्यावर बसून करून घेतात, वेगळे पैसे घेत नाहीत. इथल्या पालकांचा डोळा साताऱ्याच्या सैनिक स्कूलवर आणि नवोदयवर असतो. नवोदयमध्ये किमान 75 टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात. पण ग्रामीण कोट्यासाठी तिसरी ते पाचवी ग्रामीण भागातल्याच शाळेत झालेली लागते, आणि नगरपालिकेची हद्द शहरी धरतात. हे बहुतेकांना फार उशिरा कळतं.

*बदलापूर*

लोकल जाते तिथवरच सरकायचं ठरवत असाल तर एवढं सांगतो: घर मोठं मिळालं, समोर डोंगर आहे, आणि आम्ही दोघं अंधार पडल्यावर घरी येतो. डोंगर मुलगा आजीबरोबर बघतो.

*रायगड जिल्ह्यातून परत अंधेरीला*

आम्ही परत आलो. मुलीला ऐकू कमी येतं हे ती दीड वर्षाची असताना कळलं. बांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत तपासण्या झाल्या, श्रवणयंत्र लागलं, आणि नियमित वाचा उपचार सुरू झाले. पहाटेच्या एसटीने पनवेल, तिथून लोकल, मांडीवर झोपलेलं पोर. उपचाराच्या वेळी ते पेंगायचं, आणि उपचार करणाऱ्या ताई हळूच म्हणायच्या, आज राहू द्या. बोलणं यायचं वय थांबत नाही. गावातली माणसं फार चांगली होती, निघताना शेजारच्या काकूंनी वर्षभराचं कोकम दिलं. पण मुलाला काही विशेष गरज असेल, किंवा तशी शंका जरी असेल, तर तपासण्या मुंबईत पूर्ण करून मगच सामान बांधा.

*बोरिवलीहून रत्नागिरीला*

मी पैशाचं लिहितो, कारण कुणी लिहिलं नाही. कांदिवलीचं घर विकू नका, भाड्याने द्या. त्या भाड्यात इथे राहणं निघतं आणि परतीची वाटही खुली राहते. महाराष्ट्रात शेतकरी असल्याशिवाय शेतजमीन घेता येत नाही. कुणी 'करून देतो' म्हणालं तर लांब राहा, आणि बिगरशेती प्लॉट असेल तर त्याचे कागद स्वतः वाचा. एप्रिलमध्ये भाड्याचं घर घ्या, म्हणजे जूनला शाळा गाठता येईल. विकत घ्यायचं ते ऑक्टोबरनंतर बघू. तोवर छत कुठे गळतं, लाईट किती वेळ जाते, नळाला पाणी किती वाजता येतं, सगळं आपसूक कळलेलं असतं.