मूत्रमार्गाचं स्ट्रिक्चर : पुन्हा दुर्बिणीतून कापायचं की युरेथ्रोप्लास्टी? नवऱ्यासाठी मदत हवी आहे

ऋतुजा_एम

नमस्कार मंडळी. नवऱ्यासाठी हा धागा काढतेय. त्यांना विचारूनच लिहितेय आणि ते स्वतःही वाचणार आहेत, त्यामुळे मोकळेपणाने उत्तरं द्या.

त्यांचं वय ४१. तरुणपणी सायकलच्या दांड्यावर जोरात आपटले होते. लघवीतून थोडं रक्त गेलं, काही दिवसांत थांबलं, आणि विषय तिथेच संपला असं सगळ्यांना वाटलं. धार बारीक व्हायला लागली ती कितीतरी वर्षांनी. आता बल्बर भागात (मूत्रमार्गाचा वृषणांमागचा भाग) स्ट्रिक्चर आहे, म्हणजे जुन्या जखमेच्या व्रणाने नळी तिथे आवळली आहे. आरजीयूत (पुढून औषध भरून काढलेला एक्स-रे) लांबी सुमारे अडीच सेंमी दिसते. दुर्बिणीतून कापून (रिपोर्टवर ओआययू लिहिलंय) दोनदा झालं. पहिल्या खेपेला वर्षभर धार छान होती, दुसऱ्या खेपेला काही महिन्यांतच पहिले पाढे पंचावन्न.

आताच्या युरोफ्लोत (लघवीच्या धारेची तपासणी) कमाल वेग ६ मिली प्रति सेकंद आलाय. तो आलेख मी नीट बघितला. टेकडीसारखा चढून उतरायला हवा, तर हा जेमतेम वर येतो आणि मग सरळ आडवी रेघ, पार कागदाच्या टोकापर्यंत. लघवी झाल्यावरही मूत्राशयात १२० मिली उरते. रात्री झोप लागत नाही, आणि कुठे जायचं म्हटलं की आधी तिथे टॉयलेट आहे का, हा प्रश्न.

एक सर्जन म्हणतात, परत दुर्बिणीतून करू, दुसऱ्या दिवशी घरी. दुसरे म्हणतात, आता कापणं थांबवा, युरेथ्रोप्लास्टी (मूत्रमार्ग उघडून दुरुस्त करायचं मोठं ऑपरेशन) करा, गालाच्या आतलं अस्तर लावावं लागेल, यश ९० टक्के. आम्हाला हे ९० टक्के म्हणजे नेमकं काय ते कळत नाहीये. किती वर्षांसाठी ९० टक्के? आणि उरलेल्या १० जणांचं काय होतं? शरीरसंबंधांवर परिणाम होतो का, हा प्रश्न ते डॉक्टरांसमोर विचारू शकले नाहीत, म्हणून मीच इथे विचारते.

---

शरद_वाचक

ताई, माझं ऑपरेशन होऊन बरीच वर्षं झाली. माझं स्ट्रिक्चर लहान होतं, सेंटिमीटरभर, त्याच बल्बर भागात. खराब तुकडा काढून दोन्ही टोकं जोडली, ग्राफ्ट (दुसरीकडून घेतलेलं अस्तर) लागला नाही. त्यानंतर आजतागायत नळीत काही घालावं लागलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मला आधी कुणी सांगितली नव्हती. लघवी झाली असं वाटून कपडे सारखे करावेत आणि चार थेंब मागाहून पडावेत, असं होतं. सुरुवातीला वाटलं, ऑपरेशन फसलं. तसं नसतं. दुरुस्त केलेल्या भागात थोडी लघवी साठून राहते. वृषणांच्या मागे बोटांनी हलकं दाबून पुढे सरकवलं की निघून जाते. मी रोज तसंच करतो, आता सवयीचं झालंय. यजमानांना हे आधीच सांगून ठेवा.

आणि हो, आरजीयूबरोबर एमसीयू (लघवी करताना काढायचा एक्स-रे) पण झालंय का? आरजीयूत औषध पुढून भरतात, त्यामुळे अडथळ्याच्या मागची बाजू कधी कधी नीट दिसतच नाही.

---

अनघा_युरॉलॉजी

ऋतुजाताई, मी युरॉलॉजिस्ट आहे, पण रिपोर्ट पाहिल्याशिवाय तुमच्या यजमानांबद्दल निर्णय देणार नाही. आकड्यांबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण पेशंटची फसगत तिथेच होते.

९० टक्के ऐकलं की पहिला प्रश्न विचारा : यश कशाला म्हणताय? काही सर्जन "नंतर कुठलीही प्रोसिजर लागली नाही" याला यश म्हणतात. काही जण दुर्बीण आत घालून बघतात आणि ती न अडता गेली तरच यश धरतात. काही जण पेशंट समाधानी आहे एवढ्यावर थांबतात. पेशंट तेच, पण मोजायची पद्धत बदलली की टक्केवारी बदलते. यामागे शरीराचं एक गणित आहे. निरोगी प्रौढ पुरुषाची नळी साधारण २४ ते ३० फ्रेंच रुंद असते (३ फ्रेंच म्हणजे १ मिलीमीटर व्यास). धार ठळकपणे मंदावते ती नळी १० फ्रेंचच्या आसपास आल्यावर. म्हणजे आत व्रण पुन्हा आवळत असला तरी बराच काळ पेशंटला सगळं ठीकच वाटतं.

दुसरा प्रश्न : हा आकडा कुठल्या ऑपरेशनचा? शरददादांचं झालं ते टोकाला टोक जोडणं. बल्बर भागातल्या लहान स्ट्रिक्चरला त्याचं यश ९० टक्क्यांच्या वर जातं आणि ते टिकतं. अडीच सेंमी ही सीमेवरची लांबी. काही सर्जन जोडतील, बरेच जण नळी उभी उघडून गालाच्या अस्तराची पट्टी लावतील. ही पट्टी नळीच्या वरच्या बाजूने लावायची पद्धत इटलीचे बार्बाग्ली यांनी १९९६ मध्ये मांडली. पुढे पुण्याचे युरॉलॉजिस्ट डॉ. संजय कुलकर्णींनी नळी एकाच बाजूने सोडवायचं तंत्र आणलं, त्यात दुसऱ्या बाजूचा रक्तपुरवठा आणि नसा शाबूत राहतात. ग्राफ्टचं यश सुरुवातीच्या काही वर्षांत साधारण ८० ते ९० टक्के असतं, नंतर हळूहळू घसरतं.

किती घसरतं? २००३ मध्ये लंडनच्या अँड्रिच आणि मंडी यांच्या गटाने दीर्घकाळचे निकाल छापले. टोकं जोडलेल्यांमध्ये स्ट्रिक्चर परतण्याचं प्रमाण ५ वर्षांनी १२ टक्के आणि १५ वर्षांनी १४ टक्के, म्हणजे जवळपास तेवढंच. दुसरी ऊती लावून नळी रुंद केलेल्यांमध्ये ५ वर्षांनी २१ टक्के आणि १५ वर्षांनी ५८ टक्के. आजच्या ग्राफ्टला हे आकडे जसेच्या तसे लावू नका, पण कल लक्षात घ्या. तिशी-चाळिशीतल्या माणसाने पुढच्या वीस-तीस वर्षांचा विचार करायला हवा, आणि वर्षातून एकदा तपासणी ही कायमचीच.

आता दुर्बिणीची बाजू. ओआययू पहिल्यांदा आणि लहान स्ट्रिक्चरवर करणं रास्त आहे. अडीच सेंमीवर दोनदा करून परतल्यावर तिसऱ्यांदा कापून ते बरं होईल अशी आशा मी पेशंटला देत नाही. प्रत्येक छेदाने नवा व्रण तयार होतो, आणि पुढे युरेथ्रोप्लास्टी करायची झाली तर काम अवघड होऊन बसतं. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनची मार्गदर्शक तत्त्वंही अशा वेळी पुन्हा पुन्हा दुर्बीण न करता युरेथ्रोप्लास्टी सुचवतात.

तरीही दुसरी बाजू सांगते. ब्रिटनमध्ये पुन्हा उद्भवलेल्या बल्बर स्ट्रिक्चरच्या २२२ पुरुषांवर दुर्बीण की युरेथ्रोप्लास्टी अशी तुलना करणारी ओपन नावाची चाचणी झाली, २०२० मध्ये निकाल आले. दोन वर्षांत त्रास कमी होण्यात दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. फरक होता पुन्हा प्रोसिजर लागण्यात, युरेथ्रोप्लास्टीच्या गटात ती शक्यता जवळपास निम्मी होती. तेव्हा मोठं ऑपरेशन नकोच असेल तर दुर्बीण हा वेडेपणा नाही, फक्त ती तात्पुरती सोय आहे हे समजून करावी.

---

नितीन_के

गालाचा ग्राफ्ट झालेला माणूस बोलतोय. खालच्या जखमेपेक्षा मला तोंडाचा त्रास जास्त झाला, पण तो लवकर गेला. पहिले काही दिवस गालाच्या आत टाके जिभेला सारखे लागायचे, तिखट-गरम काही जमेना, थंड दूध आणि पातळ पेज यांवर काढले. तोंड उघडताना तो गाल ओढल्यासारखा वाटायचा. रोज थोडं थोडं, बोटं घालून तोंड उघडण्याचा व्यायाम दिला होता, तो नेटाने करा. गालाच्या आत एका ठिकाणी बधिरपणा अजून आहे, रोजच्या जगण्यात त्याचं काही अडत नाही.

कॅथेटर साधारण तीन आठवडे. काढण्याआधी औषध भरून फोटो काढतात, कुठे गळत नाही ना बघायला. गळत असेल तर आणखी काही दिवस ठेवतात, त्याने घाबरू नका.

आणि ताई, तुम्ही विचारलंत ना, उरलेल्या १० जणांचं काय होतं. मी त्या १० मधला. काही वर्षांनी ग्राफ्टच्या टोकाशी पातळ कडं तयार झालं. पण पहिल्यासारखं लांब स्ट्रिक्चर नव्हतं, दुर्बिणीतून एकदा मोकळं केलं आणि तेव्हापासून धार चांगली आहे. कागदोपत्री माझं ऑपरेशन अयशस्वी. पुन्हा निवडायची वेळ आली तर मी तेच निवडेन.

---

ऋतुजा_एम

सगळ्यांचे मनापासून आभार. नितीनदादा, तुमचं उत्तर ह्यांनी दोनदा वाचलं. अयशस्वी म्हणजे पुन्हा शून्यावर, अशी आमची समजूत होती, त्यामुळे फार धीर आला.

अनघाताई, तीन शंका. शरीरसंबंधांचा प्रश्न राहिलाच. औषध लावलेल्या फुग्याबद्दल ऐकलं, ते काय असतं? आणि हे तंबाखू खातात, ते डॉक्टरांना सांगायला हवं का?

---

अनघा_युरॉलॉजी

शेवटच्यापासून सुरू करते, कारण ते सगळ्यात निकडीचं आहे. हो, सांगायलाच हवं, आणि आजपासून बंद. तंबाखूने गालाचं अस्तर खराब होतं, ग्राफ्ट रुजायलाही अडचण येते. तोंड नीट उघडत नसेल किंवा आत पांढरे चट्टे असतील तर सर्जनला आधीच दाखवा. गाल चालत नसेल तर जिभेखालचं अस्तर घेता येतं.

ताठरता : ऑपरेशननंतर काही पुरुषांना काही महिने कमी जाणवते. बहुतेकांची सहा महिने ते वर्षभरात पूर्ववत होते, कायमची राहणारी तक्रार थोड्यांनाच. नळी पूर्ण कापून जोडण्यापेक्षा ग्राफ्टमध्ये हा धोका थोडा कमी मानतात. वीर्य जोराने न येता ओघळून येणं काहींना होतं. उलट अडथळा गेल्यामुळे काहींचं सुधारतंही. ऑपरेशनआधीची स्थिती कशी आहे ते केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा, म्हणजे नंतर तुलना करता येईल. बोलायला अवघड जात असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. आम्हाला रोजचंच आहे, कुणीही नावं ठेवत नाही.

फुगा : त्यावर पॅक्लिटॅक्सेल या औषधाचा थर असतो, व्रण पुन्हा वाढू नये म्हणून. अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये मान्यता दिली, ३ सेंमीपर्यंतच्या स्ट्रिक्चरसाठी. साध्या दुर्बिणीपेक्षा निकाल नक्की चांगले आहेत, पण युरेथ्रोप्लास्टीमागे जसा काही दशकांचा अनुभव आहे तसा याच्यामागे अजून नाही. औषधाचे अंश वीर्यात उतरतात, त्यामुळे काही महिने गर्भधारणा टाळायला सांगतात. मूल हवं असेल तर हे आधी बोला.

आणखी एक. युरेथ्रोप्लास्टी ठरली तर त्याआधी किमान दीड-दोन महिने नळीत काहीही घालू देऊ नका, डायलेटेशनही (नळी ताणून रुंद करणं) नाही. ताज्या ताणलेल्या नळीत व्रणाची खरी लांबी दिसत नाही. या काळात लघवी तुंबलीच तर ओटीपोटातून नळी (एसपीसी) घालतात, खालून नाही. थंडी वाजून ताप आला, लघवी पूर्ण बंद झाली किंवा वृषणांभोवती सूज आली तर मात्र थांबायचं नाही, तडक इमर्जन्सीत.

सर्जनला हेही विचारा की अशा युरेथ्रोप्लास्टी ते वर्षाला किती करतात आणि पेशंटला किती वर्षं तपासायला बोलावतात. ज्याला हा प्रश्न आवडत नाही त्याच्याकडे मी माझा भाऊ पाठवणार नाही.

---

ऋतुजा_एम

एमसीयू झालेलंच नाही, फाइल पुन्हा चाळली. पुढच्या भेटीत ते करून घेतो. तिसऱ्यांदा दुर्बीण नको, एवढं आज आमचं दोघांचं ठरलं. ताठरतेचा प्रश्न ह्यांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर लिहिलाय, तंबाखूचंही त्यातच आहे. एमसीयूचा रिपोर्ट आला की लांबी आणि जागा इथे टाकते. शरददादा, ते थेंबांचं बरं झालं सांगितलंत.