संकटातून आत्मिक वाढ होते म्हणतात, मी तर आतून कोरडी पडत चाललेय

भांडुपची_लेक

जय ख्रिस्त सगळ्यांना. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझ्या मिस्टरांच्या दोन्ही किडन्या गेल्यात हे मागच्या पावसाळ्यात कळलं. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस, मंगळवार गुरुवार शनिवार, दरवेळी चार तास. मी एका दुकानात बिलिंगला आहे, सकाळची ड्युटी संपवून तशीच सेंटरला जाते, ते सुटले की रिक्षाने घरी, मग स्वयंपाक, त्यात भाज्या आधी उकळून पाणी फेकायचं, मीठ वेगळं, नारळपाणी केळं संत्रं तर घरात आणायचंच नाही. मुलगी सहावीत आहे, तिला सासूबाई बघतात पण त्यांना स्वतःलाच जिना चढवत नाही.

पाणी मोजून आहे. सकाळी मी एक लिटरची बाटली भरून ठेवते, चहा घेतला, आमटी घेतली, गोळ्यांना पाणी लागलं की तेवढं त्यातून कमी करायचं. रात्री आठच्या सुमाराला तळाला चार बोटं उरलेली असतात आणि हे ती बाटली पित नाहीत, नुसती मांडीवर धरून बसतात. मागच्या महिन्यात प्रभुभोजनाच्या रविवारी द्राक्षरसाचा तो छोटा पेला हातात आल्यावर यांनी माझ्याकडे वळून हळूच विचारलं, हे पण मोजायचं का गं? मला तिथे बाकावरच रडू फुटलं.

मंडळीतले लोक चांगले आहेत, खोटं नाही बोलणार. पण भेटलं की प्रत्येकजण हेच म्हणतो, सोनं आगीतूनच शुद्ध होतं, देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याचीच परीक्षा घेतो, ताई तुमची किती आत्मिक वाढ होत असेल. मी हो हो म्हणते. खरं सांगायचं तर आधी मी पहाटे पाचला उठून अर्धा तास वचन वाचायचे, आता बायबल उघडलं की दोन ओळीत डोळे मिटतात. उपासनेत गाणं चालू असतं तेव्हा ओठ तेवढे हलतात. मुलीवर ओरडते, मग रात्री ती झोपल्यावर तिच्या डोक्यावरून हात फिरवत बसते. प्रार्थनेला बसले तर एकच वाक्य येतं, प्रभू बस झालं आता.

रोमकरांस पत्राच्या 5 व्या अध्यायात पौल म्हणतो संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा. माझ्यात तर सगळं उलटं चाललंय. माझ्या विश्वासातच काही खोट आहे का? आणि वाढ होत असेल तर ती कळते कशावरून? ज्यांनी सोसलंय त्यांनी सांगा प्लीज.

कल्याणचा_प्रार्थनावीर

ताई, प्रभू तुमच्या घराला स्पर्श करो. माझ्या अनुभवाने सांगतो, असं वारंवार संकट येतं तेव्हा घरात काही न कबूल केलेलं पाप आहे का ते तपासून बघा. आणि तुम्ही दोघांनी मिळून 21 दिवस उपवास प्रार्थना धरा, पूर्ण विश्वासाने, मनात शंका न आणता. देव आजही बरं करतो. मी रोज पहाटे तुमच्या कुटुंबाचं नाव घेईन.

परळची_सिस्टर

दादा रागावू नका पण हे वाचून मला गप्प बसवेना. मी अकरा वर्षं डायलिसिस युनिटमध्ये नर्स आहे. ताई, आधी मिस्टरांसाठी लिहिते. त्यांनी उपवास करायचा नाही, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एकही डायलिसिस चुकवायचं नाही, कुणी कितीही विश्वासाने सांगितलं तरी. पोटॅशियम वाढत जातं आणि हृदय थांबतं, आणि बरेचदा बाहेरून काही कळतही नाही. प्रार्थना जरूर करा, खुर्चीत सुई लागलेली असताना करा, मी स्वतः करते पेशंटचा हात धरून.

पापाचं म्हणाल तर योहानच्या 9 व्या अध्यायात जन्मांध माणसाला बघून शिष्यांनी हेच विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? प्रभूने सरळ सांगितलं, याचंही नाही आणि आईबापाचंही नाही. मग आपण कोण तो प्रश्न परत एका दमलेल्या बाईच्या दारात नेऊन ठेवणारे?

आता ताई तुमच्याविषयी. तुम्ही जे लिहिलंय ना, डोळे मिटतात, चिडचिड, गाणं आतून येत नाही, हे मी दर आठवड्याला वेटिंगमध्ये बसलेल्या बायकांच्या तोंडावर बघते. त्यातल्या निम्म्या तरी उपाशी असतात. पेशंटचा डबा मापून भरलेला असतो आणि हिच्या पर्समध्ये एक बिस्किटचा पुडा. एलिया संदेष्टा आठवा, झाडाखाली बसून म्हणाला की देवा आता पुरे, माझा जीव घे. अगदी तुमच्यासारखंच वाक्य. देवाने त्याला उपदेश नाही केला. झोपू दिलं, दूताने उठवून भाकर आणि पाणी दिलं, तो परत झोपला, परत उठवून खायला घातलं. 1 राजे 19 वाचा, वाचवत नसेल तर कुणाकडून वाचून घ्या. देवाचा तो हळू आवाज त्याला नंतर आला, आधी जेवण आलं.

आणि मंडळीत कुणी विचारलं की काही मदत लागली तर सांगा, तर नाही नको म्हणू नका. नेमकं काम सांगा. मंगळवारी चार तास यांच्याजवळ बसाल का? गुरुवारी मुलीचा अभ्यास घ्याल का? असं वार आणि वेळेसकट मागितलं की माणसं हो म्हणतात, नुसतं प्रार्थना करा म्हटलं की प्रार्थनेवरच थांबतं. अजून एक, त्या पेल्यातला घोट अगदी थोडा असतो, तो काही मोजायचा नाही. त्यांना सांगा सिस्टरने सांगितलंय, निश्चिंत घ्या.

भायखळ्याचे_गुरुजी

बाई, मी निवृत्त शिक्षक, बरीच वर्षं संडे स्कूलही घेतलं. माझी पत्नी चौदा महिने अंथरुणाला होती आणि मग गेली, शिवडीला ठेवलं तिला. म्हणून दोन शब्द लिहायचा धीर करतो.

पहिलं त्या रोमकरांसच्या वचनाबद्दल. आपण ते असं वाचतो की संकट आलं की माणूस आपोआप सुधारतो. तसं असतं तर जगातली सगळी दुःखी माणसं संत झाली असती, आणि आपण बघतो की दुःखाने पुष्कळ माणसं कडवटही होतात. पौलाने मधे धीर ठेवलाय. मूळ ग्रीक शब्द हुपोमोने, हुपो म्हणजे खाली आणि मेनो म्हणजे राहणं. ओझ्याखाली राहणं, पळून न जाणं. त्यात हसऱ्या चेहऱ्याने राहणं कुठेच नाही. तुम्ही एक वर्ष मंगळवार गुरुवार शनिवार त्या सेंटरच्या बाकावर बसताय, बाटली भरताय, भाजी उकळताय, याला त्या शब्दापेक्षा वेगळं काय म्हणायचं? तुम्ही उलट्या दिशेने चाललेल्या नाही, तुम्ही साखळीच्या दुसऱ्याच कडीवर आहात आणि लोक तुमच्याकडे चौथी मागतायत.

दुसरं. स्तोत्रसंहितेत रडगाण्याची स्तोत्रं किती आहेत बघा, जवळजवळ एक तृतीयांश. बहुतेकांच्या शेवटी कुठेतरी उजेड येतो, 13 वं स्तोत्र किती वेळ किती वेळ म्हणत सुरू होतं पण गाण्यावर संपतं. 88 वं मात्र तसं नाही. ते सुरू होतं रडत आणि संपतं अंधारात, हिब्रूत तर शेवटचा शब्दच अंधार आहे. तरीही ते पवित्र शास्त्रात ठेवलं गेलं, मंदिरात गायला दिलं गेलं. पत्नी गेल्यानंतर सहा महिने मला दुसरी कुठली प्रार्थनाच येत नव्हती, मी तेच वाचायचो, मोठ्याने. त्यातला माणूस देवावर आरोप करतो, पण ते आरोप देवालाच ऐकवतो, पाठ फिरवून दुसऱ्याला नाही. तुमचं "प्रभू बस झालं आता" हे पण त्याच जातीचं आहे. ती प्रार्थनाच आहे बाई, लहान आहे एवढंच.

तिसरं, आपल्याच मातीतलं. पंडिता रमाबाईंकडे बघा. दुष्काळात आई वडील बहीण गेली, 1880 ला भाऊ गेला, 1882 ला नवरा कॉलऱ्याने गेला, हातात तान्ही मुलगी. 1883 ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, 1889 ला मुंबईत चौपाटीला शारदा सदन काढलं, हिंदू आणि ख्रिस्ती दोन्हीकडून लोकांनी टीका केली. आणि त्यांनी स्वतः साक्षीत सांगून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर बरीच वर्षं त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. एवढी मोठी बाई, एवढं काम करत असताना, आत ही पोकळी. आम्ही आज त्यांचं नाव घेताना ती वर्षं गाळून टाकतो. शेवटी 1921 ला एकुलती एक मनोरमा गेली, आणि रमाबाई तशाच बायबलचं मराठी भाषांतर पुरं करत बसल्या, ते संपवलं आणि 1922 च्या एप्रिलमध्ये गेल्या. त्या शेवटच्या महिन्यांत त्यांना आतून काय वाटत होतं ते देव जाणे. हात मात्र थांबला नाही.

बायबलमधला ईयोब सगळं गमावून बसला होता, त्याच्या मित्रांनी एकच गोष्ट नीट केली, सात दिवस सात रात्री गप्प बसले. तोंड उघडल्यावर सगळं बिघडलं, आणि शेवटी देव म्हणाला की तुमच्यापेक्षा माझा हा ओरडणारा सेवक खरं बोलला. मीसुद्धा फार बोललो, क्षमा करा.

वसईचा_डॉमनिक

ताई मी कॅथलिक आहे, आमचं थोडं वेगळं असेल पण लिहितो. पप्पा आजारी होते तेव्हा मी माहीमच्या सेंट मायकल चर्चला नऊ बुधवार नोव्हेना केली, वसई रोडवरून लोकल पकडून, पावसात भिजत. 1948 पासून तिथे दर बुधवारी ती प्रार्थना चालते. बाहेर मेणाचे हात पाय विकायला असतात, ज्याचं जे दुखतं ते अर्पण करायचं. मी दर बुधवारी घेतलं. पप्पा सातव्या बुधवारनंतर गेले.

आठव्या बुधवारी जायचं का नाही यावर मी स्टेशनवर उभा राहून दोन गाड्या सोडल्या. मग गेलो. का गेलो मला आजही नीट सांगता येत नाही. मागायला काही उरलं नव्हतं. आजूबाजूला हिंदू बाया, मुसलमान बाया, कुणाच्या हातात मेणाचं बाळ, कुणाच्या हातात मेणाचं घर, आणि तेव्हा पहिल्यांदा मी त्यांच्यासाठी प्रार्थना केली, माझं काहीच न मागता. आधीच्या सात बुधवारी हे लोक मला गर्दी वाटत होते. तुम्ही विचारलंत ना वाढ कळते कशावरून, मला तेवढ्यावरूनच कळली, आणि तीही वर्षभराने मागे वळून बघितल्यावर. त्या दिवशी फक्त पाय दुखत होते.

आमच्या फादरनी तेव्हा संत इग्नेशियसची एक गोष्ट सांगितली होती ती खूप कामी आली. ते सैनिक होते, 1521 ला तोफगोळ्याने पाय मोडला आणि अंथरुणात पडल्या पडल्या त्यांचं सगळं सुरू झालं. ते म्हणायचे मन कोरडं पडलेलं असताना आधी घेतलेले निर्णय बदलू नका. म्हणजे उजेडात असताना तुम्ही जे ठरवलं होतं, चर्चला जायचं, प्रभूचं नाव घ्यायचं, ते अंधारात बसून रद्द करू नका. नवीन काही मोठं ठरवूही नका. मदर तेरेसांची पत्रं 2007 ला बाहेर आली तेव्हा कळलं की कितीतरी वर्षं त्यांना आत देव जाणवतच नव्हता, आणि त्या रोज उठून माणसं उचलत होत्या. मला ते वाचून धक्का बसला होता, मग आधार वाटला.

कल्याणचा_प्रार्थनावीर

सिस्टर, मी डायलिसिसचा विचारच केला नव्हता, चुकलं माझं. माझ्या आईला टीबी झाला होता आणि उपवास प्रार्थनेत बरी झाली, म्हणून मी सगळ्यांना तेच सांगत आलो. आज बायकोने आठवण करून दिली की आईच्या गोळ्या पण चालू होत्या, सहा महिने रोज. मी ते साक्ष देताना कधी सांगितलंच नाही.

ताई, पापाचं लिहिलं त्याबद्दल माफी मागतो. मी मुलुंडला कामाला आहे, शनिवारी हाफ डे असतो. तुमची हरकत नसेल तर शनिवारी दादांजवळ मी बसतो, तुम्ही घरी जाऊन झोपा. मेसेज टाकलाय. काही उपदेश करणार नाही, वाटलं तर पेपर वाचून दाखवीन.

भांडुपची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार, रोज वाचत होते पण लिहायला आज जमलं.

सिस्टर, तुमचं वाचून पर्समधला पुडा आठवला, कसं ओळखलंत? गुरुवारपासून स्वतःचा डबा नेतेय. मंडळीतल्या एका काकूंना मंगळवारचं विचारलं, विचारताना घशात आवंढा आला होता, त्या म्हणाल्या अगं मी कधीची वाट बघत होते तू काही सांगशील म्हणून. पेल्याचंही यांना सांगितलं, हसले.

गुरुजी, 88 वं स्तोत्र मी परवा सेंटरमध्ये यांना वाचून दाखवलं, मशीनचा आवाज चालू होता म्हणून जरा मोठ्याने. शेजारच्या खुर्चीतल्या आजोबांनी पण मान वळवून ऐकलं. संपल्यावर हे म्हणाले, झालं? मी म्हटलं झालं. पुढे काही नाही? म्हटलं नाही, इथेच संपतं. मग बराच वेळ छताकडे बघत राहिले आणि म्हणाले, शनिवारी परत वाच.

शनिवारी कल्याणचे दादा येतायत, त्यांनाच सांगितलंय वाचायला. मी घरी झोपणार आहे.