मदत हवी आहे: 'माणूस मुळात शाकाहारी' हा तक्ता तपासायचाय

शंकासूर
अकरावीच्या वर्गात वादविवाद आहे. मुलांनी व्हॉट्सअ‍ॅपवरचा तक्ता पुरावा म्हणून आणलाय:
१. माणसाचं आतडं शरीराच्या 10-12 पट लांब, मांसाहारी प्राण्यांचं 3-6 पट.
२. जठरातलं आम्ल सौम्य, सामू (pH) 4-5.
३. सुळे बोथट, जबडा आडवा हलतो.
यातलं काय टिकतं? धर्म, नीती नको. फक्त शरीररचना.

पाटावरवंटा
पहिल्या ओळीत सगळी गंमत फूटपट्टीची आहे. लहान आतडं सुमारे 6 मीटर, मोठं दीड, म्हणजे साडेसात. त्याला 70 सेंमी धडाने भागलं तर 10-11 पट, 170 सेंमी उंचीने भागलं तर साडेचारपट. प्राणी मोजताना डोकं धरतात, पाय सोडतात. तसं माणसाला बसवून मोजा, साधारण 90 सेंमी. उत्तर आठपट. मांजर 4, कुत्रा 6, मेंढी 25 च्या आसपास. त्यातही 6 मीटर हे मृतदेहातलं माप. जिवंतपणी स्नायूंच्या ताणाने आतडं आखूड भरतं.

लांबीपेक्षा वाटणी बघा. आपल्या पचनमार्गाच्या आकारमानात निम्म्याहून जास्त वाटा लहान आतड्याचा, मोठ्याचा जेमतेम पाचवा हिस्सा. चिंपांझी-गोरिलात मोठं आतडंच निम्मं, कारण पाला तिथे आंबवायचा असतो. आपण पाल्यावर जगू शकत नाही ते यामुळे.

दुसरी ओळ चूक. उपाशीपोटी सामू 1.5-2 असतो, आणि सामू जितका कमी तितकं आम्ल तीव्र. जेवल्यावर अन्नामुळे तो तात्पुरता 4-5 वर चढतो. तक्त्यात तोच आकडा उचललाय.

उखळमुसळ
तिसरी ओळ खरी, निष्कर्ष खोटा. दाढा ना गवत दळणाऱ्या, ना मांजरीसारख्या कात्री. फाडायचं काम हत्यारांनी आणि पुढे विस्तवाने केलं. इथिओपियात बौरीला सुमारे 25 लाख वर्षांपूर्वीच्या हाडांवर दगडी हत्यारांचे ओरखडे आहेत.

पण समोरच्या गटालाही सोडू नका. 'आपण शिकारी प्राणी' म्हणणाऱ्यांना विचारा: मांजर क जीवनसत्त्व स्वतः बनवते, आपण नाही. उलट टॉरिन हे अमिनो आम्ल आपण बनवतो, तिला ते पुरेसं बनवता येत नाही म्हणून मांसातूनच लागतं. आणि नुसतं चरबीविरहित मांस खाल्लं तर जादा प्रथिनांतल्या नायट्रोजनचा युरिया बनवायची यकृताची क्षमता अपुरी पडते. मळमळ, जुलाब, अशक्तपणा. सशांच्या मांसावर दिवस काढणाऱ्यांची हीच गत होते.

शंकासूर
म्हणजे मिश्राहारी. पण मग शाकाहारात कमी पडणाऱ्या बी12 जीवनसत्त्वाचं काय? तो मुद्दा येणारच.

पाटावरवंटा
येऊ द्या. बी12 जिवाणू बनवतात, प्राणी नाही. आपल्या मोठ्या आतड्यातही बनतं, पण ते शोषलं जातं लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे कारखाना दुकानाच्या पुढे. म्हणून ते बाहेरून हवंच: प्रौढाला दिवसाला 2-2.5 मायक्रोग्रॅम. अर्धा लिटर दुधात साधारण 2 मिळतं. दूधही सोडलेल्यांना गोळी लागते. स्पिरुलिना या नील-हरित शेवाळातलं बहुतेक बी12 शरीराच्या उपयोगाचं नसतं.

उखळमुसळ
एक हुकमी पत्ता राहिला. गोमांसातला पट्टकृमी फक्त माणसाच्याच आतड्यात प्रौढ होतो. आपण मांस खात नसतो तर त्याचं जीवनचक्र पुरं झालंच नसतं. मुलांना हे जेवणाच्या सुट्टीनंतर सांगा.