मदत हवी आहे: एक एकर गवत, चर, तळं आणि झिरो-टर्न मोवर

नमस्कार मंडळी,

गेल्या ऑक्टोबरात ओहायोत, कोलंबसच्या उत्तरेला डेलावेअर काउंटीत घर घेतलं. गाव संपून मका-सोयाबीनची शेतं सुरू होतात तिथे. जागा सव्वा एकर. घर, ड्राइव्हवे आणि मागची झाडी सोडली तर कापायचं गवत एक एकरभर. बाबा एप्रिलमध्ये कोरेगावहून आले. पहिल्याच सकाळी चक्कर मारून आले आणि म्हणाले, "पन्नास गुंठे जमीन, आणि नुसतं गवत? वैरण तरी होते का याची?" काय सांगणार!

आधीच्या टाउनहोमचा २१ इंची ढकलायचा मोवर आहे. त्याने मे महिन्यात दोनदा सगळं कापलं. तीन तासांच्या वर जातात, आणि मेमध्ये इथलं गवत पाचव्या दिवशी पुन्हा घोट्याला लागतं. मग एक माणूस लावला. एका खेपेचे ७५ डॉलर. एप्रिल ते नोव्हेंबर २८ खेपा धरल्या तरी २१०० होतात. त्यापेक्षा स्वतःचा झिरो-टर्न, म्हणजे बसून चालवायचा आणि जागच्या जागी वळणारा मोवर घेतलेला बरा, असं ठरलं. बजेट ४००० डॉलर, फारच पटलं तर थोडं वर.

टोरोचा टाइमकटर, कब कॅडेटचा अल्टिमा, हस्क्वार्ना, जॉन डिअरची झेड ३०० श्रेणी, एरियन्स एवढे बघून झालेत आणि आता सगळे सारखेच दिसायला लागलेत. माझे प्रश्न असे: ४२ इंची डेक (पाती ज्याच्याखाली फिरतात तो पत्रा) घ्यावा की ५४? मोठ्या दुकानातून घ्यावा की डीलरकडून? बॅटरीवाल्याचं काय? आणि खरा प्रश्न उताराचा. पुढे रस्त्याला लागून पावसाच्या पाण्याची चर आहे, मागची जमीन शेजाऱ्याच्या तळ्याकडे उतरते. शिवाय नऊ मेपल, एक स्प्रूस, सेप्टिक टाकीची दोन झाकणं, लेकीचा झोपाळा. मागच्या कुंपणाचं फाटक चार फुटी.

जाणकारांनी हात द्यावा.

गवताळ_माणूस

इंडियानात चौदा वर्षं गवत कापतोय, म्हणून लिहितो. डेकपासून सुरुवात करू. इंचातली रुंदी गुणिले ताशी मैल भागिले शंभर, म्हणजे तासाला किती एकर ते कळतं. ४२ इंची ताशी पाच मैलांनी चालवलात तर २.१ एकर. वळणं, झाडं, एकावर एक येणारे पट्टे यात पाचवा हिस्सा जातो, म्हणजे हातात १.७. तुमचं एक एकर पस्तीस-चाळीस मिनिटांत. ५४ इंचीने दहाएक मिनिटं वाचतील. पण रुंद डेक उंचसखल जमिनीवर टेकडीचं डोकं भादरतो आणि खड्ड्यातलं गवत तसंच ठेवतो. नऊ मेपल असतील तर मुळंही वर आली असणार. शिवाय तुमचं फाटक ४८ इंच. ४२ इंचीच्या बाजूला गवत फेकणारी चूट असते, ती खाली असताना यंत्र डेकपेक्षा दहा-बारा इंच रुंद भरतं. चूट वर उचलून बेताने निघेल. ५४ घेतलात तर मोवरआधी फाटक बदलावं लागेल.

डेकचा पत्रा बघा. एकाच पत्र्यातून दाबून काढलेला स्वस्त असतो, पट्ट्या जोडून वेल्ड केलेला टणक. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड: १० गेज म्हणजे साधारण ३.४ मिलिमीटर, १२ गेज म्हणजे २.७. मुळावर आपटलात की फरक कळतो. आणि मागच्या प्रत्येक चाकाला आपापली हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबाने चाक फिरवणारी यंत्रणा) असते, तिचं तेल आणि फिल्टर बदलता येतो का ते डीलरला विचारा. स्वस्त यंत्रांत ती बहुधा सीलबंद असते.

कप होल्डरवर जाऊ नका.

तळ्यातला_बेडूक

नाव उगाच घेतलेलं नाही. मिशिगनमध्ये आमच्या मागेही तळं आहे. तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये सकाळी आठला, दव वाळायच्या आत, उतरत होतो. वेग कमी करायला दोन्ही दांडे मागे ओढले. चाकं थांबली, यंत्र थांबलं नाही. स्लेजसारखं घसरत थेट पाणकणसात. मी कमरेपर्यंत पाण्यात, चष्मा अजून तिथेच आहे. शेजाऱ्याने पिकअपला साखळी बांधून मोवर ओढून काढला आणि अख्खा उन्हाळा त्याची गोष्ट सांगत फिरला.

असं का होतं ते समजून घ्या. झिरो-टर्नला वळवणं, चालवणं, थांबवणं सगळं मागच्या दोन चाकांवर. डावा दांडा डाव्या चाकाचा, उजवा उजव्याचा. एक पुढे एक मागे केला की यंत्र जागच्या जागी गिरकी घेतं. पुढची चाकं म्हणजे किराणा दुकानातल्या ट्रॉलीची चाकं, जिकडे ढकलाल तिकडे. मागच्या चाकांची पकड सुटली की स्टिअरिंगही गेलं आणि ब्रेकही गेला, दोन्ही एकदम. म्हणून बहुतेक पुस्तिका १५ अंशांच्या वर जाऊ नका म्हणतात, काही त्याहूनही कमी.

घरी मोजा: दहा फुटी सरळ फळी घ्या, एक टोक वरच्या बाजूला जमिनीवर टेकवा, लेव्हल ठेवून आडवी धरा. खालच्या टोकापासून जमीन ३२ इंच खाली असेल तर ते १५ अंश.

पाण्याच्या कडेपासून यंत्राच्या दुप्पट रुंदीएवढी जागा सोडा. रोल बार (यंत्र उलटलं तर वाचवणारी सीटमागची लोखंडी कमान) असेल तर सीटचा पट्टा बांधायचाच. रोल बार नसेल तर बांधायचा नाही, उडी मारता आली पाहिजे.

पाचफूटएकइंच

बायका चालवतात हे विक्रेत्यांना अजून पचलेलं नाही. दुकानात तो मुलगा सगळं माझ्या नवऱ्याला समजावत होता, नवरा फोनमध्ये. असो. खरेदीआधी बसून बघा: सीट पुढे सरकते का, दांडे पूर्ण पुढे केले तरी पाठ टेकलेली राहते का. सीटखाली स्विच असतो, पाती फिरत असताना उठलात की इंजिन बंद. वजन कमी असेल तर मोठ्या धक्क्याला उडूनही बंद पडतं. मी उजवीकडून डावीकडे असा अख्खा लॉन हिसके खात कापलाय. स्प्रिंगवाली सीट चैन वाटते, पण पाठीला विचारा.

आणि पाच वर्षांच्या आसपासचं पोर असेल तर मांडीवर बसवून फेरी मारायचा मोह टाळा. आमच्याकडे नियम आहे: मुलगा खिडकीत दिसला की मगच किल्ली फिरवायची.

वॉटमामा

बॅटरीवाल्यांची बाजू मांडतो. माझ्याकडे इगोचा ५६ व्होल्टचा, ४२ इंची. ट्रिमर आणि ब्लोअरच्याच बॅटऱ्या त्यात बसतात, ही खरी गंमत. तेल नाही, बेल्ट नाही, हिवाळ्यात कार्ब्युरेटर चिकटत नाही. रविवारी सकाळी कापला तरी शेजारी शिव्या देत नाहीत. पण किंमत तुमच्या आकड्याच्या वर जाते आणि मेमधल्या ओल्या, उंच गवतात चार्ज डोळ्यांदेखत उतरतो. आधीपासून त्या बॅटऱ्या घरात नसतील तर सध्या पेट्रोलवाला घ्या. फक्त सिझन संपताना टाकीत पेट्रोल खराब होऊ न देणारा स्टॅबिलायझर घाला, आणि पंपावर १५ टक्के इथेनॉलचं स्वस्त पेट्रोल दिसेल ते भरू नका. १० टक्क्यांच्या पुढे या इंजिनांना चालत नाही.

गवताळ_माणूस

एक राहिलं. हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ ढकलायचा किंवा मागे ट्रॉली जोडून माती ओढायची असेल तर झिरो-टर्नचा हट्ट सोडा, साधा लॉन ट्रॅक्टर घ्या. पुढची चाकं वळतात म्हणून तो उतारावरही जरा शहाण्यासारखा वागतो. स्टिअरिंगवाले झिरो-टर्नही मिळतात, त्यांचीही पुढची चाकं वळतात, पण पैसे जास्त.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी बाबा आणि मी फळी घेऊन फिरलो. मागची बाजू १४ इंच, म्हणजे सात अंशांच्या आत. तळ्याकडचा शेवटचा पट्टा ३० इंच, कागदोपत्री चालेल, पण खाली पाणी आहे आणि बेडूकरावांचा चष्मा डोळ्यांसमोर आहे. रस्त्याची चर ४४ इंच, म्हणजे वीस अंश! मी तिथेच पहिली फेरी मारणार होतो. आता चर जुन्या २१ इंचीने, आडवी चालत. तळ्याकडचे दहा फूट कापायचेच नाहीत, तिथे उंच गवत आणि रानफुलं राहू देत. शेजाऱ्याला विचारलं, तो म्हणाला कॅनडा गीझ (इथले रानहंस) कमी येतील, जरूर कर.

बर्फाला वेगळा स्नो ब्लोअर आहेच, म्हणून झिरो-टर्नच. डीलरकडे गेलो. चालवून बघू देणारं मोठं दुकान जवळपास नाही, याच्याकडे मागे मोकळं रान होतं. पाती बंद ठेवून चालवून बघितला. पहिली पाच मिनिटं दारुड्यासारखा. मग बाबा म्हणाले मी बघतो. त्यांनी आयुष्यभर ट्रॅक्टर चालवलाय, सीटवर बसून पहिला प्रश्न: "पीटीओ कुठाय?" ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद जोडलेल्या अवजाराला देतो तो पीटीओ. मला वाटलं विक्रेत्याला काय कळणार. विक्रेत्याने पिवळी गुंडी दाखवली, तिच्याखाली पीटीओच लिहिलेलं. पाती तीच चालू करते. दोघे पंधरा मिनिटं खाणाखुणांनी बोलत होते, मी बाजूला उभा.

४२ इंची, वेल्डेड डेक, कावासाकी इंजिन, ४२०० पर्यंत जातोय. आता शेवटचं: डीलर बॅगर (कातरण गोळा करायच्या पिशव्या) आणि मल्चिंग किट (कातरण बारीक करून तिथेच पाडणारं) दोन्ही गळ्यात मारतोय. घेऊ का? आणि वळताना गवत उपटलं जातं म्हणतात ते कितपत खरं?

गवताळ_माणूस

खरं आहे, एक चाक थांबवून त्यावर गिरकी घेतलीत तर. तुमच्याकडची चिकणमाती पावसानंतर लगेच सोलवटते. दोन्ही चाकं थोडी तरी फिरती ठेवा, किंवा थोडं मागे घेऊन इंग्रजी वाय काढल्यासारखं वळा. आठवडाभर कमी वेगात हात बसवा.

बॅगर नको. एका वेळी गवताच्या उंचीचा तिसरा हिस्साच कापला आणि उंची तीन-साडेतीन इंच ठेवली तर कातरण तिथेच जिरतं. मल्चिंग किट ऑक्टोबरात घ्या, मेपलची पानं पडायला लागली की. तोवर जादा पात्यांची एक जोडी घ्या, दर पंचवीस तासांनी धार लावायला एक जोडी मोकळी राहते.

बाबांना वैरणीचं सांगू नका.