मदत हवी आहे: आईला रात्रीचीही एआरटी (एचआयव्हीची) गोळी दिलीये, द्यायची का?

कोयनाकाठ: आई ६ वर्षं एआरटीवर आहे, रोज सकाळी ८:३० ला एक गोळी. काल सेंटरवरून रात्रीसाठी वेगळी डबी दिली. गर्दीत काही विचारता आलं नाही. डबल डोस होतोय का? सेंटर आता सोमवारी उघडणार. आज रात्री द्यायची की नाही, लवकर सांगा.

मीरा_प: डबीवर नाव काय?

अण्णा६१: गोळ्यांचा मारा नको. गुळवेलीचा काढा सुरू करा, मला खूप फरक पडला.

मीरा_प: अण्णा, कृपया नको. गुळवेलीनंतर लिव्हरला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेत.

अण्णा६१: आयुष मंत्रालयाने ते खोडून काढलं होतं. आमच्या घरात तीन पिढ्या घेतायत.

निनावी_पुणे: जोखमीचा संबंध आला असेल तर ७२ तासांच्या आत पेप (एचआयव्हीची लागण टाळायचं औषध) सुरू करावं लागतं, पुढे २८ दिवस.

कोयनाकाठ: पेपचं कोणी विचारलंय? सकाळची टीएलडी, म्हणजे तीन औषधांची एकत्र गोळी. रात्रीच्या डबीवर डोल्युटेग्राविर ५०. टीबीची औषधं सुरू झाली म्हणून तर सेंटरला नेलं होतं!

सिस्टर_सोलापूर: अहो, टीबीचं आधी सांगायचं ना! डबल डोस नाही हा. टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन शरीरातलं डोल्युटेग्राविर कमी करतं, म्हणून १२ तासांनी तेवढीच एक गोळी जास्त देतात. टीएलडीत डोल्युटेग्राविरबरोबर टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिनही असतं, त्यामुळे रात्री टीएलडी परत देऊ नका. वेगळी डबी त्यासाठीच. रिफाम्पिसिन संपल्यावरही साधारण २ आठवडे ही गोळी चालते, मनाने बंद करू नका. आणि अण्णा, टीबीच्या गोळ्यांचा ताण लिव्हरवर आधीच असतो, आत्ता काढा नकोच. कॅल्शियम, लोह, ॲसिडिटीचं पातळ औषध काही घेतात का?

कोयनाकाठ: कॅल्शियम. रात्री झोपताना.

सिस्टर_सोलापूर: ते दुपारी १ ला, जेवणाबरोबर. कॅल्शियमच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर डोल्युटेग्राविर, नाहीतर ते नीट शोषलं जात नाही. शुगरची मेटफॉर्मिन असेल तर तेही सेंटरवर सांगा, त्याचा डोस बघावा लागतो. आजच खात्री हवी तर १०९७ या एड्स हेल्पलाइनला फोन करा, मोफत आहे.

कोयनाकाठ: १०९७ वरूनही हेच सांगितलं. ८:३० ला दिली. मेटफॉर्मिन आहे, सकाळ-संध्याकाळ. सेंटरवर ते सांगितलंच नव्हतं. सोमवारी सगळ्या डब्या घेऊनच जातो.