शब्दचर्चा : 'विषमदिक्' म्हणताना कशाची दिशा?

प्रश्न

स्फटिकांच्या आणि पातळ फिल्मच्या चुंबकीय व अतिसंवाहक (विद्युतरोध शून्य होण्याच्या) गुणधर्मांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. 'अ‍ॅनिसोट्रॉपी'साठी, म्हणजे गुणधर्म दिशेनुसार बदलण्यासाठी, विषमदिकता, असमदिकता, दिशावलंबित्व आणि नुसती 'विषमता' असे चार शब्द समोर आहेत. शेवटचा सर्वांत सुटसुटीत. तो वापरला तर बिघडेल का? आणि 'हा स्फटिक विषमदिक् आहे' एवढं वाक्य पुरेसं आहे का?

प्रतिसाद

'विषमता' नको. समांगी-विषमांगी ही जोडी सगळ्यांनी शाळेत शिकलेली असते, आणि वाचक 'विषमता' वाचून तिकडेच जाईल. विषमांगी पदार्थ जागेजागी वेगळा असतो. इथे जागा बदलत नाही, दिशा बदलते. कोबाल्टचा निर्दोष एकस्फटिक (सलग एकच स्फटिक असलेला तुकडा) पूर्णपणे समांगी असतो, तरी चुंबकनाच्या (चुंबकित होण्याच्या) बाबतीत तो विषमदिक् असतो. शब्दात 'दिक्' राहायलाच हवं. बाकी विषमदिकता की असमदिकता यावर फार वेळ घालवू नका. एक धरा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

तुमचा दुसरा प्रश्न मात्र मोलाचा आहे. ते वाक्य पुरेसं नाही, कारण विषमदिक् असतो तो गुणधर्म. घन (क्यूबिक) रचनेच्या तांब्याच्या स्फटिकात विद्युतरोध कोणत्याही दिशेने मोजा, सारखाच येतो. पण त्याच स्फटिकाची लवचीकता दिशेनुसार बदलते. लोखंडही घन रचनेचं. घनाच्या कडेच्या दिशेने ते थोड्याशा चुंबकीय क्षेत्रात संपृक्त होतं (पुरतं चुंबकित होतं), समोरासमोरचे कोपरे जोडणाऱ्या कर्णाच्या दिशेने बरंच जास्त क्षेत्र लागतं. होंडा आणि काया यांनी १९२६ मध्ये लोखंडाच्या एकस्फटिकांवर हे मोजून दाखवलं. निकेलमध्ये बरोबर उलटं: तिथे कर्ण सोपा, कड अवघड. कोबाल्टची रचना षट्कोनी असते. सामान्य तापमानाला त्याचा सुलभ अक्ष (चुंबकनाला सर्वांत सोपी रेषा) एकच, षट्कोनाला लंब असलेला सी-अक्ष, आणि तिथून चुंबकन वळवायला लागणारी ऊर्जा लोखंडाच्या सुमारे दहापट.

म्हणून 'विषमदिक् स्फटिक' असं लिहिण्यापेक्षा 'चुंबकन विषमदिक् आहे, सुलभ अक्ष अमुक' असं लिहा. वाक्य लांबतं, पण अर्थ पोचतो.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत. फिल्मबद्दल थोडी भर घालतो, कारण तिथे आणखी एक शब्द लागतो: ही विषमदिकता कशातून आली तो.

लोखंडाच्या पातळ फिल्ममध्ये चुंबकन सहसा फिल्मच्या प्रतलातच पडून राहतं. याचं मुख्य कारण स्फटिकरचना नाही, आकार आहे. चुंबकन उभं राहिलं तर दोन्ही पृष्ठांवर ध्रुव उघडे पडतात आणि त्यांचं उलट क्षेत्र चुंबकनाच्या विरोधात जातं. अस्फटिकी फिल्ममध्येही हेच घडतं. तेव्हा 'स्फटिकजन्य' आणि 'आकारजन्य' हे भेद वाक्यात दिसले पाहिजेत. तिसरी 'पृष्ठजन्य': पृष्ठावरच्या अणूंना एका बाजूला शेजारीच नसतात, त्यामुळे त्यांची पसंतीची दिशा वेगळी असू शकते. नील यांनी १९५४ मध्ये ही कल्पना मांडली. फिल्म काही अणुथरांइतकी पातळ झाली की हा परिणाम आकारजन्य परिणामावर मात करून चुंबकन उभं करू शकतो. कोबाल्ट-लोह-बोरॉनचा सुमारे १.३ नॅनोमीटरचा थर मॅग्नेशियम ऑक्साइडवर असाच उभा चुंबकित राहतो, हे २०१० मध्ये दाखवलं गेलं. आजच्या अनेक चुंबकीय स्मृतिचिपा याच गुणावर चालतात.

प्रश्नकर्ती

आभार. लेखाच्या अतिसंवाहक भागात 'सी-दिशेचं वरचं क्रांतिक क्षेत्र' असा प्रयोग आहे. तो ठीक आहे ना?

प्रतिसाद

ठीक आहे, पण वाचक तिथे हमखास अडखळेल. वरचं क्रांतिक क्षेत्र म्हणजे ज्याच्यापलीकडे अतिसंवाहकता संपते ते चुंबकीय क्षेत्र, आणि 'सी-दिशेचं' म्हणजे लावलेलं क्षेत्र सी-अक्षाला समांतर. अतिसंवाहकात क्षेत्राभोवती फिरणारे प्रवाह मात्र त्याला काटकोनातल्या प्रतलात, म्हणजे एबी-प्रतलात वाहतात. त्यामुळे सी-दिशेच्या क्रांतिक क्षेत्रावरून एबी-प्रतलातली संसक्ती-लांबी (अतिसंवाहक अवस्था किमान जेवढ्या अंतरात बदलू शकते ते अंतर) कळते, सी-दिशेची नाही! सी-दिशेची लांबी काढायची तर क्षेत्र प्रतलात ठेवूनही मोजावं लागतं.

यट्रियम-बेरियम-कॉपर-ऑक्साइड हा अतिसंवाहक घ्या. प्रतलातली संसक्ती-लांबी साधारण दीड नॅनोमीटर, सी-दिशेची तिच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणून प्रतलाला समांतर क्षेत्र तो पदार्थ पाचपट-सातपट जास्त सोसतो. बिस्मथ असलेल्या क्युप्रेटांत (कॉपर-ऑक्साइडचे थर असलेल्या अशाच अतिसंवाहकांत) हे गुणोत्तर याहून कितीतरी मोठं असतं, कारण त्यांचे कॉपर-ऑक्साइडचे थर एकमेकांशी फार सैल जोडलेले असतात. तुम्ही 'क्षेत्र सी-अक्षाला समांतर असताना' असं सरळ लिहा. 'सी-दिशेची विषमदिकता' तर मुळीच लिहू नका. विषमदिकता कायम दोन दिशांमधली असते, एका दिशेची नसते.

इथेही आकाराचा वाटा वेगळा काढावा लागतो. अ‍ॅल्युमिनियम घन रचनेचं, तरी त्याची पातळ फिल्म समांतर क्षेत्र लंब क्षेत्रापेक्षा खूप जास्त सोसते. त्यामुळे फिल्मवरचं एकच गुणोत्तर देऊन पदार्थाला विषमदिक् ठरवणं घाईचं होतं.

मॅग्नेशियम डायबोराइड हे आणखी एक अवघड उदाहरण (२००१ मध्ये त्याची अतिसंवाहकता कळली, संक्रमण ३९ केल्विनला). त्यात क्रांतिक क्षेत्राचं गुणोत्तर आणि भेदन-खोलीचं (चुंबकीय क्षेत्र अतिसंवाहकात जेवढं आत शिरतं त्या खोलीचं) गुणोत्तर जुळत नाहीत, आणि दोन्ही तापमानाबरोबर बदलतात. कोणत्या गुणधर्माचं आणि किती तापमानाला हे न सांगता आकडा दिला तर तो निरुपयोगी.

प्रतिसाद

'अक्ष' आणि 'दिशा' यांची अदलाबदल टाळा. सुलभ अक्षावर चुंबकन दोन्हीकडे सारख्याच सोयीने राहतं, म्हणून ती 'एकाक्षी' विषमदिकता. १९५६ मध्ये माइकलजॉन आणि बीन यांना कोबाल्ट ऑक्साइडचं कवच असलेल्या कोबाल्टच्या कणांत वेगळंच दिसलं: क्षेत्रात थंड केल्यावर चुंबकनाला अक्षाची एकच बाजू पसंत पडू लागली आणि चुंबकनाचा वक्र एका बाजूला सरकला. ही 'एकदिशी'. दोन्हींना 'एकदिक्' लिहिलेलं मी वाचलं आहे, आणि त्याने हा शोधच पुसला जातो.

प्रश्नकर्ती

दोन्ही शब्द घेते. शेवटचं: बहुस्फटिकी (अनेक लहान स्फटिककणांनी बनलेल्या) नमुन्याला 'समदिक्' म्हणायचं का?

प्रतिसाद

नमुन्याला म्हणा, कण इतस्ततः वळलेले असतील तरच. प्रत्येक कण विषमदिक्च राहतो, फक्त सरासरीत ते दिसत नाही. क्रांतिक प्रवाहाबाबत (रोध न येता वाहू शकणाऱ्या सर्वांत मोठ्या प्रवाहाबाबत) तर सरासरीही कामाची नाही: १९८८ मध्ये यट्रियम क्युप्रेटच्या फिल्मवर आढळलं की शेजारच्या दोन कणांचे अक्ष काही अंशांपलीकडे तिरके झाले की सीमेवरून जाणारा प्रवाह झपाट्याने घटतो. म्हणूनच या पदार्थाच्या तारा बनवताना कणांचे तिन्ही अक्ष जुळवून थर वाढवतात. अशा थराला बहुस्फटिकी म्हणता येईल, समदिक् नाही.