२५१८ला बाहेरचा टर्बो बसवला, आयडलवर निळा धूर. काय तपासू?

दहाटायर_नाशिक
मंडळी, जरा मार्ग सांगा. टाटा २५१८, कमिन्सचं ५.९ लिटर इंजिन, इंटरकूलरवाली (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी). जुन्या टर्बोचा (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) शाफ्ट तुटला म्हणून बाहेरच्या कंपनीचा नवा टाकला. तेव्हापासून आयडलवर (इंजिन चालू, रेस न देता) निळा धूर. गाडी लोडवर पळाली की निळा जातो, पण कसारा चढताना पिकअप नाही आणि काळा मारते. टर्बोचं सायलेन्सरकडचं तोंड ऑइलने ओलं आहे. मेस्त्री म्हणतो माल डुप्लिकेट, दुकानदार म्हणतो फिटिंग चुकलं. कुणाचं खरं धरू?

लाल_डबा
लोकल टर्बोचं हे असंच. परत करा, ओरिजिनल टाका.

जुना_फिटर
घाई नको. आयडलवर निळा आणि लोडवर गायब, म्हणजे आधी ऑइलच्या रिटर्नवर (टर्बोतून ऑइल परत इंजिनात नेणारी वाट) संशय घ्या. टर्बोतलं सील रबरी नसतं, बारीक रिंग असते. दोन्ही बाजूंच्या हवेच्या दाबावर ती ऑइल आत धरते आणि आयडलला तो दाब नसतोच. त्यात रिटर्न तुंबला की ऑइल मिळेल त्या वाटेने बाहेर येतं. रिटर्नला पंप नाही, ऑइल आपल्या वजनाने चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) उतरतं. म्हणून मधल्या बॉडीचं रिटर्नचं भोक सरळ खाली हवं, फार तर ३५ अंश तिरकं. नसेल तर बॉडी ढिली करून फिरवा.

मग रिटर्न पाइप काढा आणि फ्लँजमध्ये (पाइपच्या जोडाचं तोंड) बोट घालून बघा. पॅकिंगला सिलिकॉन फासायची सवय भारी वाईट, दाबलं की ते आत फुगतं. ब्रीदर पाइपही (चेंबरमधली हवा बाहेर सोडणारा) बघा. तो चोंदला किंवा इंजिन ब्लो-बाय मारत असेल (पिस्टनच्या कडेने गॅस चेंबरमध्ये उतरत असेल), तर चेंबरच्या दाबाने ऑइल उतरतच नाही. मॅनिफोल्डचं (इंजिनातून टर्बोकडे धूर आणणारा पाइप) तोंडही ओलं असेल तर मात्र ऑइल इंजिनातूनच येतंय, टर्बोला बोल लावू नका.

शाफ्ट आडवा किंचित हलला तर घाबरू नका, पुढे-मागे हाताला जाणवेल इतका हलायला नको. काळ्या धुराचं दुखणं वेगळं, इंटरकूलरचे होज बघा.

घाटमाथा
होजबद्दल दुजोरा. ऑइल लागलेला होज कितीही आवळा, बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) आला की सरकतो. दोन्ही तोंडं पुसून कोरडी करून मगच क्लॅम्प लावा.

दहाटायर_नाशिक
उघडलं. फ्लँजमध्ये सिलिकॉनची जाड कड आत आलेली, भोक अर्धं बंद. ब्रीदर मोकळा, मॅनिफोल्ड कोरडा. इंटरकूलरचा खालचा होज सरकलेला होता. पिकअप आला, काळा गेला. निळा अजून थोडा आहे.

जुना_फिटर
सायलेन्सरमध्ये साचलेलं ऑइल जळायला वेळ लागतो. पण जुना शाफ्ट तुटला तेव्हा इंटरकूलर उतरवून धुतला होता का? त्यात ऑइल असतंच, पातीचे तुकडेही असू शकतात. ते इंजिनात गेले तर टर्बोचा खर्च किरकोळ वाटेल.

दहाटायर_नाशिक
नाही धुतला. उद्या उतरवतो. रिटर्नला आता कुठलं पॅकिंग टाकू?

जुना_फिटर
नवीन, मापाचं, कोरडं. आणि चालू करण्याआधी टर्बोच्या वरच्या भोकात स्वच्छ ऑइल ओता, स्टॉप (इंजिन बंद करायची तार) ओढून धरून स्टार्टर मारा. प्रेशर आल्यावरच स्टॉप सोडा, लगेच रेस करू नका.

लाल_डबा
तरी बिल जपून ठेवा.